दोन काठ्यांचा तंबू

आंबिलीचा वास नाकात शिरला की मला हल्ली आधी तंबू आठवतो. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे. बाकीच्यांना या वासाने शेत आठवतं, माहेर आठवतं, भूक लागते. मला एक पातळ, करड्या रंगाचं कापड आठवतं आणि त्याच्या आतून दिसलेली पहाट आठवते.

वेळ अमावस्या आली. आमच्या तोंडी येळवसच. मार्गशीर्ष संपता संपता आमच्या धाराशिव जिल्ह्यात आणि शेजारच्या लातूर-सोलापुरात हा सण येतो, आणि बाहेरच्या पाहुण्याला वाटतं की गावात काहीतरी अघटित घडलंय. दुकानं बंद, कचेऱ्या ओस, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळं गाव शेतात गेलेलं असतं. बायका आदल्या दिवसापासून राबून भाज्या-शेंगांची भज्जी शिजवतात, बाजरीचे उंडे करतात, ताकातल्या आंबिलीची मडकी भरतात. पूर्वी हे सगळं डोक्यावरून जायचं, आता स्कूटीवर दोन पायांच्या मधे धरून जातं. शेतात पोचलं की कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप उभी करायची, तिच्या आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग वाटेने जो दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी पोट भरलंय हे कारण कुणी ऐकून घेत नाही.

यंदाही ज्वारी कणसावर आली आहे, करडईला काटे धरलेत, हरभऱ्यावर सकाळी इतकं दव असतं की बांधावरून चाललं तरी साडीचा काठ भिजतो. सगळं तेव्हासारखंच आहे, आणि मला त्याचाच राग येतो. एवढं मोठं माणूस गेल्यावर ऋतूनेही थोडं लाजावं, एखादं वर्ष चुकवावं, असं मला वाटत राहतं. ऋतूला त्याचं काय.

माझे यजमान नळदुर्गात किराणा-भुसारचं दुकान चालवायचे. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. मी तोंडाने 'अहो' आणि मनात अप्पाच. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव आमचं, निम्मं गिऱ्हाईक कानडी बोलणारं, त्यामुळे अप्पांची जीभ दोन्हीकडे सारखीच चालायची. डाळ देताना मराठी, पिशवी बांधताना कानडी. जन्म तोलण्यात गेलेला माणूस. घरात भाजी चिरली तरी अंदाज सांगायचे, की ही पावशेराला जरा जास्त आहे. मी त्यांना चिडवायची की तुम्हाला स्वर्गात नेलं तर दारातच आधी वजनकाटा बघाल.

मी आरोग्यसेविका होते. लोहारा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर लशीची पेटी खांद्याला लावून उभी नोकरी केली. जीप मिळाली तर जीप, नाहीतर पाय. त्या पेटीने माझा डावा खांदा कायमचा धरला. अजून पदर सावरताना तिथून कळ निघते. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्या खांद्यावरूनच झालं.

निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं, आता चालणं संपलं. तर अप्पांचं चालणं अडखळायला लागलं. आधी जिना चढताना पाऊल पायरीला लागायचं, मग सपाट फरशीवर. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, ताकद हळूहळू जात जाईल, थांबवणारं औषध नाही. मी त्यांच्या शेजारी बसले होते. डॉक्टरांनी न सांगितलेलं पुढचंही मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे अप्पांना माहीत होतं. परतीच्या एस.टी.त ते फक्त एवढंच म्हणाले की काठी घ्यावी लागेल, पण एक नको, दोन घेऊ. एक घेतली की माणूस म्हातारा दिसतो, दोन घेतल्या की गिर्यारोहक.

आणि खरंच तसं झालं. आमच्या गिरिजाने, आमच्या पुण्यातल्या लेकीने, डोंगर चढायच्या दोन काठ्या पाठवल्या. कडी पिळून लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या, मुठीला बूच लावलेल्या. अप्पा त्या घेऊन रोज संध्याकाळी किल्ल्याकडे निघायचे. पोरं विचारायची, अप्पा, हिमालयात जाताय का. हे म्हणायचे, व्हय, किल्ल्यापर्यंत आलाय तो, बघून येतो.

मग एका संध्याकाळी त्यांनी मनातलं काढलं. त्यांना नळदुर्गहून येरमाळ्याला चालत जायचं होतं. त्यांच्या आईचा, अव्वांचा, तिथल्या येडेश्वरी देवीला काहीतरी नवस होता. लहानपणी चैत्री यात्रेला घरची बैलगाडी जायची, वाटेत गाडीखाली कडबा पसरून झोपायचं, चाकाच्या आऱ्यांतून चांदण्या दिसायच्या. ते झोपणं त्यांच्या मनात राहिलं होतं. नवस फिटला होता, यात्रेची गर्दीही त्यांना नको होती. थंडीत, मोठा रस्ता सोडून, शेताशेतांतून, वाटेत उघड्यावर मुक्काम करत जायचं होतं. बसने सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचवणारा रस्ता. पाय आहेत तोवर जाऊ, एवढंच म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

बैलगाडी आता कुठली. म्हणून तंबू.

गिरिजा तिच्या मित्रमंडळींबरोबर सह्याद्रीत भटकणारी. दिवाळीला येताना ती दोन हलके तंबू घेऊन आली, एक तिचा, एक मैत्रिणीचा. दोन्ही वापरून बघा म्हणाली, जो पटेल तो ठेवा. एक होता स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा. घडीच्या दोन लांब दांड्या एकमेकींवरून वाकवायच्या, टोकं कोपऱ्यांत खोचायची, की छाती काढून उभा. खडकावर, फरशीवर, कुठेही. उचलून दुसरीकडे ठेवता येतो, उलटा करून कचरा झाडता येतो. पण जड. दुसरा निम्म्या वजनाचा, गुंडाळला तर पिठाच्या पुडीएवढा. त्याला स्वतःच्या दांड्याच नव्हत्या. चालायच्या दोन काठ्या आत उभ्या करायच्या, चारी बाजूंनी मेखा ठोकायच्या, दोऱ्यांचे तणावे ओढून बांधायचे, तेव्हा तो उभा. एक मेख निघाली की सगळा तंबू मान टाकतो.

अप्पांनी दोघांचं बारसं लगेच करून टाकलं. पहिला पाटील, दुसरा लंगडा. "ह्यो आपला," लंगड्यावर हात ठेवून म्हणाले. मला ते नाव आवडलं नाही. पण मी हसले, कारण ते हसत होते.

मग सुरू झालं तोलणं. त्यांनी दोन्ही तंबू दुकानात नेऊन काट्यावर घातले. लंगडा साखरेच्या किलोच्या पुडीपेक्षा थोडा जास्त भरला. पाटलासमोरच्या पारड्यात तूरडाळीची भर घालावी लागली. गिऱ्हाइकं आपापलं मत देऊन जायला लागली. ट्रकवाले म्हणायचे, अप्पा, काठीविना उभा राहतो तोच घ्या, काठी मोडली तर घर गेलं. मेंढरं घेऊन माळावर उतरणारी धनगर मंडळी म्हणायची की आमचं पाल काठीवरच उभं राहतं, पिढ्यान्‌पिढ्या, पाऊस येवो की वारा. अप्पा सगळ्यांचं ऐकायचे आणि वाटाण्याच्या पोत्यावर बसून विचार करायचे. इतकं तर त्यांनी माझ्याशी लग्न करतानाही तोललं नव्हतं.

घरी वाद आमच्या दोघांत. ते म्हणायचे लंगडा, मी म्हणायचे पाटील. ते म्हणायचे, काठ्या तशाही हातात असणारच, मग वर आणखी दांड्या कशाला वाहायच्या. मी म्हणायचे, बालाघाटाच्या माळावर मुरूम आणि खडक, तिथे मेख जाणार कशी. ते म्हणायचे, दोरीला धोंडे बांधू. मी म्हणायचे, एकेरी कापडाच्या तंबूत आतून घाम सुटतो, सकाळी तोंडावर थेंब पडतात. ते म्हणायचे, तेवढंच तोंड धुवायचं काम वाचेल. त्यांना कुठल्याही मुद्द्यावर उत्तर होतं, माझ्याकडेही होतं. दोघांची खरी कारणं मात्र दोघांनीही सांगितली नव्हती.

पाटलाची परीक्षा आधी झाली. एका रविवारी आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. मी तो उभा केला, काही मिनिटांतच. गिरिजाने बजावलं होतं की हा उभा राहत असला तरी त्यालाही मेखा ठोकायच्या असतात. पण आपल्या पायावर उभा राहतो म्हटल्यावर आम्हाला त्याचं एवढं कौतुक की मेखा पिशवीतच राहिल्या. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी सोडली, आणि तेवढ्यात वारं आलं. पाटील उठला, एक गिरकी घेतली आणि चेंडूसारखा गडगडत निघाला. मी मागे धावले. अप्पांना धावता येत नव्हतं, ते दोन काठ्यांवर उभे राहून ओरडत होते, धरा पाटलाला, धरा पाटलाला. तो कुणाच्या तरी हरभऱ्यात जाऊन पडला. सकाळच्या वेळी हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, ते आंबट दव कापडाला लागलं की जन्मात निघत नाही. गिरिजा अजून सांगते, आई, पाऊस लागला की तंबूला हरभऱ्याचा वास येतो.

अप्पा त्या दिवशी हसता हसता खाली बसले आणि नंतर उठायला त्यांना माझे दोन्ही हात लागले. हसण्याच्या नादात माझ्या ते लक्षातही आलं नाही, आणि नंतर दिवसभर दुसरं काही लक्षात राहिलं नाही.

मग ती येळवस आली. लोहाऱ्याच्या वाटेवर हणमंताचं शेत आहे. त्याच्या दोन्ही पोरांना पहिली लस मी टोचलेली, त्यामुळे तिथे माझा मान. त्याने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. अप्पांनी ठरवलं की लंगडा घेऊन जायचं, दिवसभर येळवस करायची आणि तिथेच मुक्काम करून बघायचा. एक मुक्काम जमला की संक्रांतीनंतर येरमाळ्याला निघायचं. त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मी निमूट काठ्या उचलल्या.

जेवणं झाली. आंबिल पिऊन माणसं झाडांखाली कलंडली. कोपीतल्या पांडवांपुढे उदबत्ती जळत होती. हणमंत मोठ्या अगत्याने म्हणाला की तंबू खळ्यावर टाका, म्या सारवून गुळगुळीत करून ठिवलंय. आता मळणी यंत्राने होते, तरी त्याच्या वडलांच्या वेळचं खळं त्याने राखलं होतं. अंगण कसं दिसावं तसं खळं. पण अप्पा त्याच्या कडेला चपला काढून उभे राहिले आणि नाही म्हणाले. खळ्यात बैल फिरवायची मधली मेढ सोडून दुसरी खुंटी रोवत नाहीत. जिथे रास पडते त्या जमिनीच्या अंगात मेखा कशा ठोकायच्या. मी हळूच म्हटलं की पाटील असता तर मेखा न ठोकता चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वाटाणे मापताना मी पारड्याला बोट लावलंय.

शेवटी बांधालगत काळ्या रानाची मोकळी पट्टी होती तिथे गेलो. काळी जमीन तेव्हा भेगाळायला लागलेली. मेख घातली की सुरकन आत जायची आणि ओढली की तशीच सुरकन बाहेर यायची. अप्पा जमिनीवर बसले आणि बसल्या बसल्या सरकत, प्रत्येक मेखेवर धोंडा ठेवत, एकेक तणावा ओढत सबंध तंबू त्यांनी स्वतः ताणला. मला हात लावू दिला नाही. दोन्ही काठ्यांवर त्यांनी पोती शिवायच्या दोऱ्याच्या खुणा बांधल्या होत्या. खालची खूण त्यांच्या चालण्याच्या उंचीची, चार बोटं वरची तंबूच्या उंचीची. शेवटचा तणावा ओढल्यावर कापडाची एकही सुरकुती राहिली नाही. हणमंताच्या बायकोने, सुभद्राने, हात लावून बघितलं आणि म्हणाली की ढोलकीवानी ताणलाय की हो अप्पा. त्यांची छाती पाटलासारखी झाली.

संध्याकाळी कडब्याचे टेंभे पेटवून माणसं पिकाभोवती फिरली, कानडी-मराठी मिसळलेल्या आरोळ्या घुमल्या, मग सगळी आपापल्या घरी गेली. आम्ही दोघं तंबूत शिरलो. दोन काठ्यांच्या मधे आम्ही दोघं. अप्पा म्हणाले की गाडीखाली झोपल्यासारखंच वाटतंय, फक्त आरे नाहीत. मी कितीतरी वर्षांनी इतकी गाढ झोपले.

जाग आली ती पहाटे. कापडाच्या आतून उजेड नुकता पांढरा व्हायला लागला होता. शेजारी हात नेला, अंथरूण गार. काठ्या दोन्ही जागेवर. तंबू ढोलकीसारखाच ताणलेला. मी चेन उघडून बाहेर डोकं काढलं. अप्पा बांधावर बसले होते. अंगावर घोंगडी नाही, धोतर दोन्ही गुडघ्यांपाशी काळ्या चिखलाने माखलेलं, तळहात काळे, दवाने केस भिजलेले. तंबूपासून बांधापर्यंत ज्वारीच्या कडेने त्यांच्या गुडघ्यांचा माग उठलेला होता. ते रांगत गेले होते.

मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "बाहेर जायचं होतं. काठी काढली असती तर तंबू तुझ्या अंगावर पडला असता. झोपली हुतीस लई दिसांनी."

मी त्यांच्या शेजारी ओल्या बांधावर बसले आणि रडले. खूप रडले. हेच माझं कारण होतं, हे आणि एवढंच. काठ्यांवर तंबू उभा केला की काठ्या तंबूच्या होतात, माणसाच्या राहत नाहीत. सबंध दिवाळीपासून मी मुरूम, घाम, खडक असं काहीबाही सांगत होते आणि मनात फक्त ही पहाट होती. मी त्यांना तेव्हा स्पष्ट सांगितलं की आपण पाटील घेऊ, मग रात्रभर काठ्या तुमच्या उशाला राहतील.

त्यांनी काळे तळहात धोतराला पुसले. मग म्हणाले, "आन् पाटलाला वाहणार कोण? माझ्यानं तर पाण्याची बाटली उचलत न्हाय. तुझ्याच खांद्यावर येणार. त्या पेटीनं आधीच खाल्लाय तुझा खांदा, म्या बघितलंय की रोज. मला पुन्हा तुझ्या अंगावर वझं द्यायचं न्हाय, विमल."

ते मला नावाने फार कमी वेळा हाक मारायचे.

तर असे आम्ही दोघं. मी त्यांच्या पायांसाठी जड तंबू मागत होते, ते माझ्या खांद्यासाठी हलका. आणि दोघंही दुकानाच्या काट्यावर कापड तोलत होतो. सुभद्रा चहाची किटली घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंही चिखलात बसून नाक पुसत होतो. तिने कपात चहा ओतला, घोंगडी अप्पांच्या अंगावर टाकली आणि किटली तिथेच ठेवून निघून गेली.

चहा पिऊन झाल्यावर अप्पा म्हणाले, "साकु. आता तोलणं साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. त्यांनी मला पाटील मंजूर केला. एका अटीवर, की मेखांची पिशवी त्यांच्या खिशात राहील. तेवढं वजन त्यांचं. मी कबूल केलं. त्या दिवसापासून ती पिशवी खरंच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. दुकानात बसले तरी, झोपले तरी. चालताना तिचा बारीक खळखळ आवाज यायचा, आणि स्वयंपाकघरात मला कळायचं की अप्पा कुठवर आलेत.

त्यानंतरचे ते थोडे दिवस फार सुखाचे होते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, तरी लिहिते. हुरडा आला, हणमंताने पाठवलेला. अप्पा शेजारच्या माणसांना सांगत सुटले, संक्रांत झाली की आम्ही निघतो. वाटेतली गावं ते बोटांवर मोजायचे, कुठल्या विहिरीचं पाणी गोड आणि कुठल्या पारावर सावली चांगली, हे बैलगाडीच्या काळातलं सगळं. त्यातल्या विहिरी आता असतील का, हे मी विचारत नसे. मी रोज पिशवीत वाळू भरून गच्चीवर फेऱ्या मारायचे, खांदा तयार करायला. त्यांना ते कळू नये म्हणून ते दुकानात असताना.

संक्रांत झाली. तीळगूळ द्यायला आलेली माणसं विचारायची, कधी निघताय. थंडी जरा ओसरू दे, असं आम्ही म्हणायला लागलो. खरं म्हणजे ओसरत होती ती दुसरीच गोष्ट. आधी ते किल्ल्यापर्यंत जायचे, मग चौकापर्यंत, मग शेजारच्या ओट्यापर्यंत. मेखांचा आवाज दारातूनच परतायला लागला. मी पुस्तकात वाचलेला आजार आणि घरात बघितलेला आजार यांत एवढाच फरक होता, की पुस्तकातल्या आजाराला घाई नव्हती.

माघातली एक दुपार. ज्वारीची काढणी सुरू झाली होती, बाजारातून कडब्याच्या गाड्या जात होत्या. अप्पा दारातल्या खुर्चीवरून उठायला गेले आणि उठता आलं नाही. पुन्हा गेले, पुन्हा नाही. मी आतून धावत आले तेव्हा ते शांत बसलेले. काठ्या त्यांनी माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "विमल, आता दोन्ही तंबूंचं वजन सारखंच."

मग त्यांनी खिशातून मेखांची पिशवी काढली. ती मात्र माझ्याकडे दिली नाही, मुठीत धरून बसले. संध्याकाळी मी त्यांना आत निजवलं तेव्हाही ती मुठीत होती.

श्रावणात ते गेले. आमच्यात माणसाला निजवत नाहीत, बसवून मूठमाती देतात. मांडी घालून, पाठ ताठ, कपाळाला विभूती. ज्यांना शेवटी आधाराशिवाय बसणंही जमत नव्हतं त्या अप्पांना माणसांनी तसं बसवलं, आणि मला एकदम तो बांध दिसला, तळहात काळे, केसांवर दव. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. गिरिजाने मला धरून ठेवलं होतं.

येरमाळ्याला बस जाते, आमच्या गावावरूनच. पाटीवर नाव वाचते आणि मी तोंड फिरवते. लोक म्हणतात, ताई, एकदा जाऊन या, देवीला सांगून या, त्यांच्या मनातलं होतं. त्यांच्या मनातलं देवीपर्यंत पोचण्याचं नव्हतंच. त्यांना वाटेत झोपायचं होतं. ते बसने कसं करू.

काठ्या दाराआड उभ्या होत्या, खालच्या खुणेला घट्ट केलेल्या, त्यांच्या उंचीच्या. झाडलोट करताना मी त्या जागेवरून हलवायची आणि पुन्हा तशाच ठेवायची. कधी कधी एकीच्या मुठीवर हात ठेवून उभी राहायची. बूच त्यांच्या तळव्याने एका बाजूने झिजलं आहे, तिथे माझा तळवा बसत नाही.

यंदा येळवशीच्या आधी हणमंत स्वतः घरी आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, अप्पा गेल्यापास्नं तुमी आल्याच न्हाईत. ह्या येळवशीला या. कोप तुमच्या हातची करू." मी बरं म्हटलं. गिरिजाला फोनवर सांगितलं की मी तिथे मुक्कामही करणार. ती म्हणाली की मी पाटील घेऊन येते, आई. एकटीला तो सोपा, कुणाच्या आधाराशिवाय उभा राहतो. तिचं बरोबर होतं. एकट्या बाईला तोच तंबू योग्य, कुणीही हेच सांगेल. पण अप्पा गेल्यावर पाटील तिने परत नेला होता आणि लंगडा माझ्याकडेच राहिला होता. मी तिला नको म्हटलं, लंगडाच नेईन म्हटलं. का, ते मला नीट सांगता आलं नाही.

हणमंताच्या शेतात मी सगळ्या बायकांबरोबर कोप उभी केली. कडब्याची पेंढी एकटी ठेवली की आडवी होते. तिच्यावर दुसरी टेकवली की दोघीही राहतात. लहानपणापासून हे करत आले, पण यंदा हात मधेच थांबला. सुभद्राने माझ्या हातातली पेंढी घेतली आणि तिची ती टेकवली.

दुपार कलल्यावर मी बांधालगतच्या त्याच पट्टीवर गेले. लंगडा उलगडला. मग काठ्या घेतल्या. त्या त्यांच्या उंचीच्या होत्या आणि तंबूला चार बोटं जास्त लागत होती. कड्या सैल केल्याशिवाय तंबू उभा राहणार नव्हता, आणि कडी सैल केली की अप्पांची उंची जाणार होती. दोऱ्याची खूण आहे, पुन्हा तिथे आणता येईल, हे मी स्वतःला समजावत होते. पण ती उंची त्यांनी स्वतःच्या हाताने पिळून घट्ट केलेली होती. पुन्हा मी केली तर ती माझ्या हाताची. मी दोन्ही काठ्या मांडीवर घेऊन बसून राहिले. टेंभे पेटवायला माणसं गोळा व्हायला लागली तेव्हा उठले आणि कडी फिरवली. ती सहज फिरली. इतकी सहज फिरेल असं वाटलं नव्हतं.

मेखा सुरकन आत गेल्या. मी जमिनीवर बसून, सरकत, प्रत्येकीवर धोंडा ठेवला, एकेक तणावा ओढला. ढोलकीसारखा झाला नाही, पण उभा राहिला. आत शिरले, दोन काठ्यांच्या मधे, एका कडेला. दुसरी कड सवयीने मोकळी सोडली.

पहाटे जाग आली. कापडाच्या आतून तोच पांढरा उजेड, बाहेर दव टपटपत होतं. मी आधी शेजारी हात नेला, मग वर पाहिलं. तंबू तसाच उभा होता, दोन्ही काठ्या जागच्या जागी. रात्रभरात त्या कुणालाच लागल्या नव्हत्या.